विंडोज ११ घेतलं आणि तानपुरा ऐकू येईना

मी ठाण्यात नौपाड्याला गाणं शिकवते. काही विद्यार्थी समोर बसतात, काही पडद्यावर. मधल्या वेळात गुरुजींच्या घरगुती बैठकांच्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून घेते. दोन्ही कामांसाठी एकच डबा, यूएसबी ऑडिओ इंटरफेस. माइकची किंवा टेपडेकची वायर त्याच्यात जाते आणि तिथून आवाज कॉम्प्युटरमध्ये. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून विंडोज ११ घेतलं. त्यानंतर कॉम्प्युटर डब्याला ओळखच देईना.

ऐरोलीच्या भाच्याला फोन केला. "मावशी, जुना झालाय गं तो. नवीन मागव," म्हणाला. दुकानातही हेच ऐकायला मिळतं आणि मला ते अजिबात पटत नाही. बदललं ते विंडोज. डबा होता तिथेच, होता तसाच आहे. चांगली वस्तू निव्वळ ओळख न पटल्यामुळे भंगारात जाते, याचं मला खरंच वाईट वाटतं.

म्हणून आधी डब्याकडेच बघायचं. कॅसेट लावली, डेक सुरू केला. डब्यावरच्या बटणाभोवती छोटं दिव्याचं कडं आहे. गुरुजींनी आलापात षड्जावर आवाज ठेवला की ते हिरवं होतं, तान जोरात आली की क्षणभर लाल. तेव्हाही तसंच झालं. म्हणजे टेपपासून डब्यापर्यंत आवाज व्यवस्थित पोचत होता. मग ओटीजी केबलने, म्हणजे यूएसबीची वस्तू फोनला लावायच्या छोट्या वायरीने, डबा फोनला जोडला. अँड्रॉइड ५ पासून, म्हणजे २०१४ पासून, फोन असे इंटरफेस ओळखतात. फोनवर रेकॉर्डिंग झालं. डबा ठणठणीत. (फोनने ओळखला नाही तर लगेच डबा बिघडला असं समजू नका. काही डब्यांना लागते तेवढी वीज फोन देऊ शकत नाही.)

आता कॉम्प्युटर. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे जोडलेल्या वस्तूंच्या विंडोजमधल्या यादीत, डब्याच्या नावापुढे पिवळा त्रिकोण होता. कंपनीने दिलेला ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला डब्याशी बोलायला लागणारं सॉफ्टवेअर, जुना, आणि विंडोजमधल्या 'मेमरी इंटिग्रिटी' या संरक्षणाने तो अडवलेला. हे संरक्षण बंद करा, असा सल्ला सर्रास दिला जातो. कृपा करून ऐकू नका. त्याच कॉम्प्युटरवरून आपण बँकेचे व्यवहार करतो. मी जुना ड्रायव्हर काढून टाकला, काढताना ड्रायव्हरही पुसण्याच्या चौकटीत खूण केली, डबा उपटला, कॉम्प्युटर पुन्हा सुरू करून परत जोडला. 'यूएसबी ऑडिओ क्लास २' हा सर्वसाधारण ड्रायव्हर २०१७ पासून विंडोजमध्येच असतो. माझा डबा त्या पद्धतीचा असल्याने त्यावर लगेच चालू झाला. कंपनीच्या ड्रायव्हरमधल्या काही खास सोयी जातात, पण क्लासला आणि कॅसेटींना त्या लागत नाहीत.

नाव दिसू लागलं, तरी रेकॉर्डिंगमध्ये सरळ रेघ, म्हणजे आवाजच नाही. हे परवानगीचं काम. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात मायक्रोफोन. तुम्ही टेपडेक जोडा नाहीतर सतार, विंडोजच्या लेखी आत येणारा आवाज म्हणजे मायक्रोफोन. तिथे डेस्कटॉप अॅप्ससाठी खाली वेगळं बटण असतं आणि नेमकं तेच नजरेतून सुटतं. ते सुरू केलं आणि रेघ हलली. ही परवानगी मागणं मला योग्यच वाटतं. घरातलं बोलणं कोण ऐकतंय हे माणसाला कळलंच पाहिजे.

कॅसेटी उतरवणाऱ्यांनी पुढची गोष्ट मात्र जपून करावी. आवाजाचे सेकंदाला किती नमुने घ्यायचे, ४४,१०० की ४८,०००, हे डबा, विंडोज आणि रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर या तिन्ही ठिकाणी एकच ठेवा. मधला हिशोब विंडोज सहसा स्वतः जुळवतं, पण ड्रायव्हर बदलल्यावर गृहीत धरू नये. ४४,१०० ने घेतलेला आवाज ४८,००० चा म्हणून वाजला, तर स्वर जवळपास दीड श्रुती... नाही, श्रुती म्हणू नये, पेटीच्या दीड पट्टीने चढतो. काळी एकमधलं गाणं पांढरी दोन आणि काळी दोनच्या मध्ये कुठेतरी जाऊन बसतं. तपासायला पेटी घ्या, कॅसेट नको. टेपचा वेग मुळातच थोडा मागेपुढे असतो. मी काळी एक दाबून रेकॉर्ड केली आणि ऐकताना पुन्हा तीच पट्टी दाबली. स्वर जुळला, तेव्हाच गुरुजींची कॅसेट लावली.

संध्याकाळी क्लासमध्ये पुण्याची मुलगी मध्येच थांबली. "ताई, तानपुरा बंद केलात का?" तानपुरा तर माझ्या शेजारी चालू होता! एकसारखा, न थांबणारा आवाज म्हणजे पंख्याची घरघर, असं ही सॉफ्टवेअरं समजतात आणि काढून टाकतात. साउंड सेटिंग्जमध्ये डब्यापुढचं 'ऑडिओ एनहान्समेंट्स' बंद केलं, झूममध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' सुरू केलं. तिने पुन्हा सा लावला आणि या वेळी तो तानपुऱ्यात मिळाला. ऑनलाइन शिकवणाऱ्या प्रत्येकाने हे करायलाच हवं. तानपुरा ऐकू येत नसेल तर मूल कशाला धरून गाणार?

मध्येमध्ये चरचर येत असेल तर यूएसबी हब काढून डबा थेट कॉम्प्युटरला लावा. आवाज बाहेर येत नसेल तर विंडोजने आउटपुट डब्याऐवजी पडद्याच्या, म्हणजे मॉनिटरच्या, स्पीकरकडे वळवलंय का ते बघा. अपग्रेडनंतर हे कधीकधी होतं.

ठाण्यात कुणाचा असा डबा मुका झाला असेल आणि नवीन घ्यायचं चाललं असेल, तर आधी मला कळवा. ओटीजी केबल माझ्या पर्समध्येच असते.