सातचा आकडा

आज आईला घेऊन डॉक्टरांकडे गेले होते. रात्री दोन वाजेपर्यंत जागून मोबाईलवर सगळं वाचलेलं, अकरा स्क्रीनशॉट तयार. आईला डायबेटीस आहे, तिच्या रक्तातल्या साखरेच्या तपासणीत एचबीएवनसी ७.६ आलंय आणि जिथे बघावं तिथे '७ च्या खाली हवं'. म्हणजे गोळी वाढवायला सांगायचंच, असं ठरवूनच गेले. (हो, मीच. पेशंट कोण, हा प्रश्न तेव्हा पडला नाही.)

डॉक्टरांनी स्क्रीनशॉट शांतपणे बघितले, हसले नाहीत. मग माझ्याकडे न बघता आईला विचारलं, "आजी, पहाटे घाम येतो का? हातपाय थरथरतात?"

आई म्हणाली, "येतो की. दोनतीनदा झालं. साखर खाल्ली की बरं वाटतं."

मला हे माहीतच नव्हतं! मी विचारलंच नव्हतं.

एचबीएवनसी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची साखरेची सरासरी. मधेच कधी साखर ७० च्या खाली घसरली (तो घाम, ती थरथर त्याचीच) तरी त्यात ते दिसत नाही. आईच्या ग्लिमेपिराइडसारख्या साखर उतरवणाऱ्या गोळीने साखर अशी घसरू शकते. ७ चा आकडा चूक नाही, पण ७८ वर्षांच्या, एकट्या झोपणाऱ्या बाईसाठी ८ च्या आत असलं तरी चालतं, असं डॉक्टर म्हणाले. मग दोन पर्याय समोर ठेवले: डोस कमी करायचा किंवा गोळीच बदलायची.

आईने डोस कमी करणं निवडलं. "नवीन गोळीचं नंतर बघू. आधी मला पडायची भीती वाटते, ती जाऊ दे."

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. स्क्रीनशॉट अजून डिलीट केले नाहीत.