नावडतीचा नवरा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. श्रावणात कधी कोथरूडला, कधी सदाशिव पेठेत कहाणी सांगायला जाते तेव्हा हा प्रश्न ठरलेला असतो. शिवामुठीची कहाणी नावडत्या सुनेची, मग ती तिच्या नवऱ्याच्या तोंडून का सांगता? बाईची गोष्ट पुन्हा पुरुषाच्या हाती कशाला द्यायची?

कहाणी तुम्हाला ठाऊक असेल. आटपाट नगरातल्या राजाला चार सुना, तीन आवडत्या, एक नावडती. तिला जेवायला उष्टं, नेसायला जाडंभरडं, राहायला गुरांचं बेडं. रानात नागकन्या-देवकन्या तिला शिवामुठीचा वसा सांगतात. ती सोमवारी महादेवाला तांदूळ, तीळ, मूग वाहते. सासू-सासरा, दीर, नणंदा-जावा, भ्रतार यांची मला आवडती कर, असं मागते. पुढे घरचे तिचा देव बघायला जातात, साधं देऊळ सोन्याचं होतं, आणि सासरा तिला पालखीतून घरी आणतो.

यात नवरा कुठे आहे? मागण्यात त्याचा नंबर शेवटचा, आणि बोलायला त्याला एक वाक्यही नाही. बायको गोठ्यात झोपते, हा वाड्यात. ती नावडती का, हे कहाणी सांगत नाही आणि हाही विचारत नाही. सुनेनं सोसावं, हे कहाणी उघड सांगते. मुलानं बापाच्या शब्दाबाहेर जाऊ नये, हे न बोलता शिकवते. तो बोलला असता तर बायकोच्या ताटाखालचं मांजर ठरला असता. ही भीती आजही घराघरात आहे.

ताराबाई शिंदे यांची ‘स्त्री-पुरुष तुलना’ 1882 साली पुण्यातच छापली गेली. जे दोष बायकांच्या माथी मारता ते तुमच्यात नाहीत का, असं त्यांनी पुरुषांना तोंडावर विचारलं. मला तो प्रश्न या राजपुत्राला विचारायचा असतो, म्हणून त्याला बोलतं करते.

माझ्या कहाणीत तो रोज रात्री पंगतीत बसतो. नावडतीकडे जाणारं उष्टं कोणाच्या तरी ताटातलं असणारच. मी ते त्याच्या ताटातलं केलंय. हे कळल्यावर तो अर्धी पोळी, भाजीचा न चिवडलेला भाग, लाडूचा तुकडा बाजूला ठेवायला लागतो. आपण तिच्यासाठी काहीतरी करतो, असं त्याला मनापासून वाटतं. इथे एकदा एक आजोबा म्हणाले, “बिचाऱ्यानं आणखी काय करायचं होतं?” त्यावर पुढच्या रांगेतल्या बाई मागे वळल्या. “राखून ठेवलं तरी उष्टंच की हो ते. उठून तिच्याजवळ जाऊन जेवला असता!” मग अर्धा तास वाद चालला. सुनेच्या तोंडून सांगते तेव्हा बायका डोळे पुसतात आणि पुरुषही हळहळतात. पण तेव्हा कोणी पुरुष स्वतःची बाजू मांडायला उठलेला मी पाहिला नाही.

कहाणीत असा फेरफार चालतो का, हेही विचारतात. जात्यावर बसून बायकांनी सीतेचा वनवास आपल्या बाजूनं गायलाच ना? हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यात राहून, गावोगावच्या बायकांकडून लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यांतली सीता ऐका, आणि मग परंपरा मोडते का ते ठरवा.

शेवट मात्र मी बदलत नाही. पालखी येते, तो शेजारून चालतो, खूश असतो. बापानं नावडती म्हटलं तेव्हा तो गप्प होता, आता आवडती म्हटल्यावरही त्यानं तोंड उघडलेलं नाही. वाड्याच्या दारात ती पडदा सारून त्याला विचारते, “आणि तुम्ही? तुम्ही काय म्हणता?” तिथे मी थांबते आणि समोर बसलेल्या पुरुषांना उत्तर द्यायला सांगते.