बेकन्स कासल: वीट आणि बंड

व्हर्जिनियातल्या सरी काउंटीत जाऊन शेवटी बेकन्स कासल बघितलं. नावात कासल असलं तरी किल्ला वगैरे काही नाही, आर्थर अ‍ॅलन नावाच्या श्रीमंत माणसाने १६६५ मध्ये बांधलेलं विटांचं राहतं घर आहे, आणि ते साल नुसतं ऐकीव नाही बरं का, तुळयांच्या लाकडातली वर्तुळं मोजून नक्की केलंय.

मी सगळ्यात जास्त वेळ घराच्या बाजूला उभी होते, मान वर करून. दोन्ही टोकांच्या भिंती वर जाताना आधी गोलाई घेतात मग पायरी मग परत गोलाई, आणि त्यावर तीन-तीन धुराडी एका रांगेत, प्रत्येक तिरकं फिरवलेलं, म्हणजे समोरून बघितलं की विटेची धारच दिसते. किती हौसेनं केलंय हे! घराला पुढे पोर्चचा आणि मागे जिन्याचा मनोरा, त्यामुळे वरून आकार क्रॉससारखा.

नाव पडलं १६७६ च्या बंडामुळे, जे नॅथॅनिएल बेकनने व्हर्जिनियाचा गव्हर्नर बर्कली याच्याविरुद्ध केलं होतं. बेकनची माणसं हे घर बळकावून काही महिने इथे राहिली, मालक बर्कलीच्या बाजूचा होता ना. बेकन स्वतः इथे कधी राहिलाच नाही, तरी नाव त्याचंच चिकटलं.

आवारात गुलामांच्या राहण्याची एक जुनी इमारतसुद्धा उभी आहे. तीही बघाच, नुसती धुराडी बघून परत फिरू नका, कारण इथली शेती ज्यांनी पिढ्यान् पिढ्या केली ते लोक तिथे राहायचे.