जांभळ्या डब्याचा वैताग

लेकीच्या ज्युनिअर केजीत दर महिन्याला एका रंगाचा आठवडा असतो. त्या आठवड्यात डबाही त्याच रंगाचा. लाल, पिवळा, हिरवा कधी येऊन गेले कळलंही नाही. टोमॅटो ऑम्लेट, लिंबूभात, पालकपुरी, झालं. जांभळ्याने मात्र पार पिट्टा पाडला.

जांभळं येतात मे-जूनमध्ये, आणि हा आठवडा डिसेंबरात. पहिल्या दिवशी बीट किसून थालीपीठं दिली. डायरीत शेरा आला, "रंगानुसार डबा द्यावा." बीट गुलाबीत धरतात म्हणे! शाळेत जाऊन विचारलं, मग जांभळ्यात काय चालतं? टीचरनी भिंतीवरच्या तक्त्यातलं वांगं दाखवलं. म्हटलं, अहो मॅडम, वांगं शिजल्यावर जांभळं राहतं का? सालीचा रंग पाण्यात उतरतो, गराला वारा लागला की तो काळा पडतो. भरली वांगी ती शेवटी तपकिरीच. त्यावर उत्तर, "बाकीच्या पालकांनी आणलंय ना."

बाकीच्यांनी आणली होती जांभळ्या क्रीमची बिस्किटं. तशीच दुकानात उलटून पाहिली, तर मागे १२२ आणि १३३. म्हणजे कार्मोझिनचा तांबडा नि ब्रिलियंट ब्लूचा निळा. दोन्ही कायद्याने चालणारे रंग आहेत, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण ते चालतात आणि बीट चालत नाही, हे मला अजून पचलेलं नाही.

मग लाल कोबी आणला. चिरून उकळला, त्याच्या पाण्यात भात लावला. पाणी गर्द जांभळं, भात निघाला निळसर. लिंबू पिळलं तर गुलाबी! मी डोक्याला हात लावला, पण लेक स्टुलावर चढून, "आई, परत निळा कर." परत निळा करायचा तर सोडा घालावा लागतो, आणि तो भात कोण खाणार? म्हणून उरलेलं कोबीचं पाणी वाट्यांमध्ये काढून तिच्यापुढे ठेवलं. लिंबाच्या वाटीत गुलाबी, चिमूटभर सोड्याने निळं, आणखी सोडा टाकला तर हिरवट. मग तिने चिंचेचा कोळ घातला, ताक घातलं, भांड्यांचा साबणही सोडला नाही. लाल कांद्याचं साल आणून म्हणाली, "हे पण जांभळंच आहे की!" तक्त्यात कांदा लाल आहे आणि कोबी हिरवा. असो.

सुटका केली सासूबाईंनी. "अगं, उंधियूचे दिवस आलेत, कोनफळ मिळेल की." आमच्या नेहमीच्या भाजीवालीकडे नव्हतं. गुजराती वस्तीतल्या भाजीवाल्याकडे 'कंद' म्हणून मागितल्यावर मिळालं. बाहेरून मातकट, केसाळ, अगदीच ओबडधोबड. सुरी फिरवली आणि आत असा जांभळा की विळीवर, बोटांवर सगळीकडे तोच. किंचित उकडून काप केले, तांदळाच्या पिठीत घोळवून तव्यावर तुपात परतले. डबा चाटूनपुसून परत आला, डायरीत स्टार. त्या स्टारचा फोटो मी काढून ठेवलाय, हो!

कोणाला करायचं असेल तर घेतानाच थोडं कापून दाखवायला सांगा, काही कोनफळं आतून पांढरी निघतात. सोलताना हाताला तेल लावा, नाहीतर खाज सुटते. लिंबू वरून पिळू नका, इथेही रंग गुलाबीकडे झुकतो.

हिरव्या आठवड्याचं आत्ता आठवलं: पालक उघड्या भांड्यात, भरपूर पाण्यात, दोनच मिनिटं उकळायचा. झाकण ठेवलं किंवा आंबट पडलं की तो शेवाळी होतो. आणि युनिफॉर्मवरच्या हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, ते मुलांना आवर्जून दाखवा. आमची आता मुद्दाम डाग पाडते.

पुढचा आठवडा केशरी. बाजारात सध्या सगळीकडे लालभडक हिवाळी गाजरं आहेत. ती कुठल्या रंगात धरणार, हे मी शाळेला आधीच विचारून ठेवलंय. अजून उत्तर नाही.