टोमॅटो आहेत, असं लिहून आणा

घरात एका टबात टोमॅटोची चार रोपं वाढवायला काय काय लागतं, असं कुणी विचारलं तर माती आणि खताच्या आधी मी नोटरी सांगते. थट्टा नाही. माती एका संध्याकाळी कालवून झाली, दिवा आला तसा टांगला, बी वेळेवर उगवलं. अडलं ते आमच्या सोसायटीच्या कमिटीपाशी, आणि तो राग अजून माझ्या डोक्यातून उतरलेला नाही.

आमचा फ्लॅट इंदूरला, सुदामानगरच्या बाजूला. बाल्कनी उत्तरेची आणि समोर दुसरी इमारत, त्यामुळे हिवाळ्यात उन्हाचा कवडसाही आत येत नाही. उन्हाळ्यात पारा ४०च्या वर गेला की टोमॅटोची फुलं धरत नाहीत, नुसती गळतात. म्हणून दिवाळीनंतर आतल्या खोलीत, एलईडी दिव्याखाली लावायचं ठरवलं. दिवा एकच, तेव्हा टबही एकच: ६० लिटरचा, आयताकृती, तळाला भोकं पाडलेला. बुटक्या जातीच्या चेरी टोमॅटोला रोपामागे १५ लिटर माती पुरते. मोठ्या टबातली माती पटकन सुकत नाही, दोन दिवस गावाला गेलं तरी चालतं. तोटा असा की एकाला रोग लागला की चौघांना लागतो, आणि मुळं एकमेकांत गुंतल्यावर एखादंच रोप बाहेर काढता येत नाही. चारही एकाच जातीची लावा. नाहीतर जे उंच जातं ते बाकीच्यांचा उजेड खातं.

आता दिवा. बाजारात स्वस्त मिळणारे ग्रो लाइट लाल आणि निळ्या एलईडींचे असतात, कारण पानातलं हरितद्रव्य हेच दोन रंग जास्त शोषून घेतं. पण दोन्ही मिळून खोली जांभळी दिसते. रात्री रस्त्यावरून आमची तिसऱ्या मजल्यावरची खिडकी लग्नाच्या मांडवासारखी दिसायची. कुणीतरी तिचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, खाली विचारलं, "ये तीसरी मंज़िल पर रात भर क्या चलता है?" त्याखाली दुसऱ्याने बातमी टाकली, कुठल्याशा शहरात फ्लॅटमध्ये असेच दिवे लावून गांजा पिकवणारे पकडल्याची. झालं. हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली.

सेक्रेटरी दुसऱ्या दिवशी दारात. "भाभीजी, बुरा मत मानिए, पर उगा क्या रहे हैं?" मी आत नेऊन टब दाखवला. रोपं तेव्हा बोटभर होती, नुकतीच खरी पानं फुटलेली. ते वाकून बघत म्हणाले, "पत्ती तो कटी-कटी है." गांजाच्या पानात एकाच देठाच्या टोकाला पाच-सात लांब, दातेरी पाती पसरलेली असतात. टोमॅटोचं पान देठाच्या दोन्ही बाजूंनी फुटतं, त्यावर लव असते, आणि दोन बोटांत चुरडलं की जो वास येतो तो ज्याने कधी भाजी निवडली आहे त्याला सांगावा लागत नाही. मी पान चुरडून हात पुढे केला, तर ते मागे सरकले. "मैं तो समझ गया, पर कमेटी को काग़ज़ चाहिए." आणि कागद येईपर्यंत दिवा बंद.

कुठला कागद, हे कमिटीत कुणालाच माहीत नव्हतं. एक म्हणाले शेतीखात्याचा. दुसऱ्यांचं मत पोलीस ठाण्याचा. एक निवृत्त गृहस्थ फार आत्मविश्वासाने म्हणाले, "नार्कोटिक्स का मुख्यालय ग्वालियर में है, वहाँ से लिखवा लाइए." आहे खरं ग्वाल्हेरला, केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोचं. मंदसौर-नीमचकडे अफूच्या लागवडीचे परवाने देणारं खातं तेच. त्यांनी माझ्या चेरी टोमॅटोंबद्दल काय लिहून द्यायचं?

तरी शेतीशी संबंध असलेल्या एका सरकारी कार्यालयात गेले. जेवणाची वेळ संपेपर्यंत बाकड्यावर बसले. बाबू सज्जन होता. "मैडम, टमाटर के लिए परमिशन नहीं लगती." मी म्हटलं, मग एवढंच लिहून द्या. तो हसला. "जिसकी परमिशन लगती ही नहीं, वो हम किस नियम से लिखें?" याला उत्तर नव्हतं. रिकाम्या हाताने पाठवायचं त्याच्या जिवावर आलं असावं. त्याने शेडनेटच्या, म्हणजे पिकावरच्या सावलीच्या जाळीच्या, अनुदानाचा फॉर्म काढून दिला. त्यातला पहिलाच रकाना खसरा क्रमांकाचा, म्हणजे शेतजमिनीच्या सर्व्हे नंबरचा. माझं शेत बैठकीच्या बाजूच्या खोलीत, त्याला खसरा कुठून आणू?

इकडे दिवा बंद, आणि रोपांना कमिटीचा ठराव कळत नाही. उजेड कमी पडला की रोप त्याच्या शोधात नुसतं उंच होत जातं, खोड दोऱ्यासारखं बारीक होतं आणि मान टाकतं. एका टबात चार असली की चढाओढ दुप्पट. मी रोज सकाळी त्यांच्याकडे बघायचे आणि संध्याकाळी सेक्रेटरींकडे, दोघंही मान खाली घालायचे.

रात्री चिडून कायदाच वाचून काढला. १९८५चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा. कलम ८ने गांजाच्या झाडाच्या लागवडीवर बंदी, कलम २०ने १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड. एक कुंडी की एकर, अशी सूट लागवडीच्या त्या कलमात नाही. तेव्हा "घरात एखादं लावलं तर काय होतं" म्हणणाऱ्यांनी ते जरूर वाचावं. गंमत अशी की त्याच कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर पानं आणि बिया त्यात येत नाहीत. भांग पानांची, म्हणून आपल्या मध्य प्रदेशात तिची दुकानं सरकारी परवान्यावर चालतात. होळीला तिथून गोळी आणणाऱ्या सभासदांना माझ्या टोमॅटोची भीती वाटत होती. मी कुणाचं नाव घेत नाही.

तोड सुचवली ती समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंनी. त्या म्हणाल्या, "अगं, त्यांना कुणाची परवानगी नकोय, शिक्का हवाय. तूच शपथपत्र दे आणि मोकळी हो." इतकं साधं होतं. कोर्टाच्या आवारात टायपिंगवाले बसतात, त्यांतल्या एकाकडे गेले. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये नावबदल, भाडेकरार आणि गॅप सर्टिफिकेट (शिक्षणात खंड पडला तर द्यायचं ते) एवढेच मसुदे. गॅपवाला उघडून त्याने त्यातच माझा टब बसवला. पहिली प्रत हातात आली तर वर "मैं अपने निवास पर टमाटर के चार पौधे लगा रही हूँ" आणि खाली "उक्त अवधि में मैंने किसी अन्य संस्थान में प्रवेश नहीं लिया है". ती ओळ काढायला लावली. "कोई प्रतिबंधित पौधा नहीं है" ही ओळ मात्र ठळक करून घेतली. आधार कार्डाची प्रत सोबत न्या, नोटरी तीच आधी मागतो.

शिक्का बघताच कमिटीचा सूर बदलला. अटी दोन: दिवा पांढरा हवा आणि रात्री १० नंतर बंद. या दोन्ही अटी रोपांच्याच फायद्याच्या निघाल्या, पण हे मी त्यांना सांगितलं नाही. पांढऱ्या फुल-स्पेक्ट्रम एलईडीत लाल-निळा दोन्ही असतात, शिवाय पानांवरचे डाग आणि कीड नीट दिसते. जांभळ्या उजेडात सगळंच काळपट. आणि टोमॅटोला अंधार लागतोच. २४ तास दिवा ठेवला तर पानं पिवळी पडून खराब होतात. सकाळी ६ ते रात्री १०, एवढा उजेड भरपूर. १०० वॉटचा दिवा रोज १६ तास म्हणजे महिन्याला ४८ युनिट, हा हिशेब आधीच करून ठेवा, घरातूनही विचारणा होते.

लांबट झालेली रोपं फेकू नका. टोमॅटोच्या खोडाला मातीत मुळं फुटतात. खालची पानं खुडून, पार वरच्या पानांपर्यंत पुरून टाकायची. माझी चारही अशीच वाचली, आणि नंतर अशी जाडजूड झाली की सोसायटीत मी मुद्दाम फोटो टाकला. दिवा पानांपासून वीतभर ते दीड वीत वर ठेवायचा आणि रोपांबरोबर वर सरकवायचा. गर्दीत हवा खेळत नाही, म्हणून लहान पंखा मंद लावून ठेवा आणि मातीला टेकणारी पानं काढत राहा.

मातीचं राहिलं. माळव्याची काळी माती शेतात सोनं असेल, टबात घालू नका. भिजली की फुगते, सुकली की भेगा पडतात, आणि मुळांना हवा मिळत नाही. मी कोकोपीट, गांडूळखत, थोडी परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खडे) आणि मूठभर निंबोळी पेंड घेतली. कंपोस्ट घरचंच. शास्त्रशुद्ध थर लावून कंपोस्ट करायच्या एका पद्धतीला जगभर इंदूरचंच नाव आहे. १९२४ ते १९३१ इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड इथे होते तेव्हा त्यांनी ती बसवली. आणि त्याच इंदुरात मी शेडनेटचा फॉर्म घेऊन फिरत होते.

फुलं आली की रोज सकाळी बॅटरीवर चालणारा टूथब्रश फुलांच्या देठाला क्षणभर लावा. घरात ना वारा ना भुंगे, त्या थरथरीनेच पराग सुटतात. हे केलं नाही तर फुलं येतील आणि जातील.

सध्या टबाच्या कडेला मिरचीची दोन रोपं लावायचा विचार आहे, पण शपथपत्रात फक्त टोमॅटो आणि फक्त चार लिहिलंय. सेक्रेटरींना विचारलं तर म्हणाले, "नया बनवा लीजिए, भाभीजी." तेव्हा तुम्ही करायला जाल तर "टमाटर एवं अन्य साग-सब्ज़ी" असं लिहून घ्या, आणि आकडा घालूच नका.