आधी खोलायला किती वेळ लागतो ते बघ

ऑक्टोबरात न्यू जर्सीत रूट 1 वर सिग्नलला उभी होते. क्लच दाबला आणि पेडल तळाला गेलं ते वर आलंच नाही. माझी गाडी म्हणजे 1992 ची माझदा मियाटा, लाल, दोन सीटची, 1.6 लिटर इंजिनाची. गाडी बंद केली, पहिला गिअर टाकला, तशीच स्टार्टरवर उचलली आणि पुढचे गिअर इंजिनाचा आवाज ऐकत क्लचशिवाय टाकत एडिसनला घरी आणली. हात थरथरत होते.

जॅक लावून खाली शिरले तर क्लचचा स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे पेडलचा दाब ऑइलमधून घेऊन क्लच ढकलणारा खालचा सिलिंडर, गळत होता. त्याची रबरी टोपी मागे सारली आणि काळं पडलेलं ऑइल बोटांवरून मनगटापर्यंत आलं. हा सिलिंडर मी सात महिन्यांपूर्वीच बसवला होता. ऑनलाइन घेतलेला, चौदा डॉलरचा. माझदा कंपनीचा तिपटीहून महाग होता. बोल्ट काय, दोनच आहेत, गेला तर परत बदलू, असा तेव्हाचा माझा हिशोब.

रात्री कोल्हापूरला व्हिडिओ कॉल लावला. बाबांनी उद्यमनगरात 38 वर्षं लेथ चालवली. त्यांना मियाटा माहीत नाही, पण सिलिंडर कळतो. म्हणाले, "पिस्टन काढ आणि बोअर दाखव." बोअर म्हणजे सिलिंडरची आतली पोकळी. मी फडक्याने आतून पुसून टॉर्च मारला. भिंतीवर गोलगोल बारीक चरे होते, अगदी नव्या पेन्सिलीला शार्पनरने टोक काढल्यावर दिसतात तसे. बाबा क्षणभर गप्प. मग म्हणाले, "हे होन केलेलंच नाही गं, आतनं घासून गुळगुळीत केलेलंच नाही. पहिल्या दिवसापासनं रबर घासत हुतं." आणि पुढे, "पार्टची किंमत नंतर बघ. आधी खोलायला किती वेळ लागतो ते बघ, आणि रस्त्यात गेला तर काय हुतंय ते बघ."

तेव्हापासून प्रत्येक पार्ट मागवताना मी हेच दोन प्रश्न विचारते. स्लेव्ह सिलिंडर खोलायला सोपा, पण गेला की क्लच संपला, गाडी रस्त्यात अडकायची वेळ. म्हणून या वेळी कंपनीचा घेतला, आणि पेडलपाशी असतो तो वरचा मास्टर सिलिंडरही सोबतच बदलला. एकाला नवं रबर मिळालं की दुसऱ्या, दमलेल्या सिलिंडरवर ताण येतो आणि महिन्या-दोन महिन्यांत तोही गळायला लागतो.

इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणाऱ्या टायमिंग बेल्टचं याच्या उलट. हे इंजिन असं आहे की बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत, गाडी फक्त बंद पडते. त्यामुळे बरेच जण निवांत असतात. पण 60,000 मैलांनी तो बदलायचा तर रेडिएटर, पट्टे, पुली, कव्हर सगळं उतरवावं लागतं. वॉटर पंप त्या बेल्टवर फिरत नाही, बाहेरच्या पट्ट्यावर फिरतो. तरी तो काढायला टायमिंग बेल्ट काढावाच लागतो. मग एवढं खोलल्यावर जुना पंप, जुनी सीलं, बेल्ट ताणून धरणारा जुना टेन्शनर आत का ठेवायचा? मी पंप आयसिन या कंपनीचा घेतला, कॅमची दोन्ही सीलं आणि क्रँकचं पुढचं सील माझदाचं. पूर्ण शनिवार-रविवार गेला. आता ते कव्हर बरीच वर्षं उघडायचं नाही.

या गाडीतला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा पार्ट मात्र एक रबरी ओ-रिंग आहे, दोन-तीन डॉलरची. इंजिनाच्या मागच्या टोकाला, फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला, चिकटून कॅम अँगल सेन्सर बसतो. कॅम किती फिरला ते तो सांगतो. त्याची ओ-रिंग वर्षानुवर्षं तापून कडक होते आणि तेल झिरपायला लागतं. ते तेल थेट खालच्या हीटरच्या पाइपवर पडतं. पाइपचं रबर तेलाने फुगतं, मऊ पडतं आणि एक दिवस फुटून सगळं कूलंट रस्त्यावर. माझी जुनी ओ-रिंग काढली तेव्हा ती वाकली नाही, बांगडी पिचावी तशी तुकडे होऊन हातात आली. बोल्ट एकच, 12 मिलिमीटरचा, पण तिथे हात जेमतेम जातो. सैल करण्याआधी सेन्सरच्या बुडाशी खूण करून ठेवायची, कारण तो थोडा जरी फिरला तरी इग्निशनचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, हलतं. नंतर डायग्नोस्टिक डबीत टीईएन आणि जीएनडी या दोन पिना तारेने जोडून टायमिंग लाइट लावला आणि 10 अंशावर आणलं.

जुना पार्ट चालतो का? काच, खिडकीची यंत्रणा, दाराचं हँडल, टेललाइट यांना भंगारातलं खुशाल घ्यावं. माझं डावं हँडल तिथलंच आहे. रबर आणि ब्रेकचं काही तिथून आणू नये. बॅटरी डिकीत असते, म्हणून ती बंदिस्त एजीएम प्रकारचीच, म्हणजे आत आम्ल मोकळं न हिंदकळणारी, आणि वाफेची नळी जोडलेली हवी, नाहीतर आम्लाने डिकीचा पत्रा खाल्ला जातो.

सस्पेन्शनच्या सांध्यांत बसणाऱ्या बुशांवरून मी बऱ्याच जणांशी भांडले आहे. पॉलियुरेथेनचे टिकतात, कोपऱ्यावर गाडी घट्ट वाटते, खरं आहे. पण ही गाडी बनवणाऱ्यांनी जिनबा इत्ताई, म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव, हा विचार डोक्यात ठेवला होता. चारही चाकांना डबल विशबोन, म्हणजे वर-खाली दोन हातांनी धरलेलं सस्पेन्शन, वजन एक टनाच्या आत. ती रस्त्यावर जराशी सैल चालते त्यातच तिचं सुख आहे. मी कंपनीचे रबरी बुश घातले आणि पहिल्याच वळणावर डोळ्यांत पाणी आलं. 2017 मध्ये माझदाने जपानमध्ये या पिढीच्या गाड्यांचे पार्ट पुन्हा बनवून गाड्या नव्यासारख्या करून देण्याची घोषणा केली, कापडी टपासकट. ते वाचलं तेव्हा मला वाटलं, कुणीतरी आपल्यासारखंच जीव लावून बसलंय.

एका बाबतीत मात्र मी कंपनीच्या पार्टवर थांबत नाही. मूळ रेडिएटरची वरची टाकी प्लॅस्टिकची. ती काळी असते, उष्णतेने हिरवट-तपकिरी होत जाते आणि मग चिरते. माझी आता भिजलेल्या चहापत्तीच्या रंगाची झाली आहे. कोयो या कंपनीचा पूर्ण अॅल्युमिनियमचा रेडिएटर मागवलाय, खोकं गॅरेजात आलंय. येत्या रविवारी जुना उतरवणार. बाबांनी बजावलंय, जुनी टाकी टाकून देऊ नको, चीर कुठनं सुरू झालीय ते बघायचंय.