पुस्तकासारखा आहे का?

चित्रपट सुचवणे हे स्थळ सुचवण्याइतकेच जोखमीचे काम आहे. जमले तर मध्यस्थाची आठवण कोणी काढत नाही आणि बिनसले तर मात्र त्याचेच नाव सर्वांच्या तोंडी असते. त्यातून एखाद्या गाजलेल्या विज्ञानकादंबरीवरचा चित्रपट सुचवला, तर विचारणारा हटकून पुढचा प्रश्न टाकतो : ‘पुस्तकासारखा आहे का?’ कौटुंबिक किंवा ऐतिहासिक कादंबरीच्या बाबतीत या प्रश्नाचे होय किंवा नाही असे उत्तर देता येते. विज्ञानकादंबरीत मात्र पात्रे आणि घटना यांच्याइतकाच, कित्येकदा त्यांच्याहून अधिक, भार एखाद्या कल्पनेवर असतो. कथानक जसेच्या तसे ठेवूनही ती कल्पना हरवू शकते आणि कथानकाची पुरती मोडतोड करूनही शाबूत राहू शकते. म्हणून मी सरळ उत्तर द्यायचे टाळतो आणि ‘सोलारिस’चा विषय काढतो.

पोलंडचे लेखक स्तानिस्लाव लेम यांची ही कादंबरी १९६१ साली प्रसिद्ध झाली. सोलारिस नावाच्या ग्रहावर एक अफाट महासागर आहे आणि तो सजीव, कदाचित विचारीही, असावा असा शास्त्रज्ञांचा कयास आहे. त्या ग्रहाजवळच्या स्थानकावर पोहोचलेल्या केल्विनसमोर, दहा वर्षांपूर्वी आत्महत्या केलेली त्याची पत्नी सदेह येऊन उभी राहते. कोणालाही वाटेल की कादंबरीचा जीव या भेटीत आहे. परंतु लेम पानेच्या पाने केल्विनला स्थानकाच्या ग्रंथालयात बसवून ठेवतात. तेथे तो सोलारिसचा अभ्यास करणाऱ्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या शास्त्रज्ञांचे ग्रंथ चाळतो, महासागर घडवत आणि मोडत असलेल्या प्रचंड आकारांची वर्गीकरणे वाचतो, एकमेकांना खोडणाऱ्या उपपत्तींचा इतिहास समजून घेतो. माणसाने एवढी विद्या उभारली आणि तिच्यातून महासागराविषयी जवळजवळ काहीच कळले नाही, हे त्या काल्पनिक ग्रंथसूचीतून वाचकाच्या अंगावर येते. मला विचाराल तर कादंबरीची सर्वांत थरारक पाने हीच आहेत, जरी निम्मे वाचक ती घाईने उलटत असावेत अशी मला शंका आहे.

सोव्हिएत दिग्दर्शक आंद्रेई तारकोव्हस्की यांनी १९७२ साली या कादंबरीवर पावणेतीन तासांचा चित्रपट केला. कादंबरी केल्विनच्या प्रस्थानापासून सुरू होते. चित्रपट मात्र पृथ्वीवर, वडिलांच्या घराभोवतीच्या तळ्यात, पाण्याखाली हलणाऱ्या शेवाळात आणि पावसात बराच वेळ रेंगाळतो. ग्रंथालय येथेही आहे, पण त्यात महासागराविषयीची विद्या नाही. तेथे मेणबत्त्या आहेत, ब्रॉयगलची चित्रे आहेत, मोठ्याने वाचायला ‘डॉन किहोते’ ही स्पॅनिश कादंबरी आहे. आणि स्थानकाचे गुरुत्वाकर्षण तीस सेकंद नाहीसे होते तेव्हा केल्विन आणि त्याची पत्नी बाखच्या संगीतावर त्या खोलीत अलगद तरंगतात. एकाच खोलीचे हे दोन उपयोग शेजारी ठेवले, की दोघांमधील भांडण वेगळे समजावून सांगावे लागत नाही. लेम यांना त्या खोलीतून बाहेरच्या अज्ञाताकडे पाहायचे होते आणि तारकोव्हस्कींना पृथ्वीकडे, म्हणजे माणसाच्या अपराधी मनाकडे. लेम काही आठवडे मॉस्कोत त्यांच्याशी हुज्जत घालत बसले आणि अखेर त्यांना मूर्ख म्हणून परतले, असे लेम यांनीच पुढे सांगितले. दिग्दर्शकाने ‘सोलारिस’ नव्हे, तर दोस्तोयेव्हस्कीची ‘गुन्हा आणि शिक्षा’ पडद्यावर आणली, हा त्यांचा आरोप होता. आरोप खरा आहे; तरीही चित्रपट मोठा आहे, आणि ही दोन्ही विधाने एका दमात करता येतात.

याच कादंबरीवर १९६८ साली सोव्हिएत दूरचित्रवाणीने एक कृष्णधवल नाट्य केले होते आणि ते पुस्तकाला पुष्कळ धरून आहे. ते पाहाच, असे सांगणारा मनुष्य मला अजून भेटलेला नाही. पुढे २००२ साली स्टीव्हन सोडरबर्ग यांनी जॉर्ज क्लूनीला घेऊन जेमतेम शंभर मिनिटांत केवळ प्रेमकथा सांगितली. अंतराळातील माणसांच्या प्रणयसमस्यांसाठी आपण पुस्तक लिहिले नव्हते, अशा आशयाचे लेम यांनी त्यावर लिहिले, आणि चित्रपट आपण पाहिलेला नाही हेही त्यांनी कबूल केले. न पाहता मत देण्याचा अधिकार मूळ लेखकाला असावा, असे माझे मत आहे, इतरांना नसावा.

खरा वाद रंगतो तो ‘अरायव्हल’वरून. (ज्यांनी हा चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा.) टेड चिआंग यांच्या १९९८ सालच्या दीर्घकथेवर डेनी व्हिलनव यांनी २०१६ साली तो केला. परग्रहवासीयांची भाषा शिकता शिकता नायिकेला भविष्य आठवू लागते आणि पुढे जन्माला येणाऱ्या मुलीचा मृत्यूही तिला आधीच ठाऊक होतो. कथेत ती मुलगी पंचविसाव्या वर्षी गिर्यारोहण करताना पडून दगावते; चित्रपटात ती लहान वयातच असाध्य आजाराने जाते. पटकथेतील हा बदल वरवर किरकोळ वाटतो. परंतु अपघात टाळता येतो, निदान एका दूरध्वनीने टाळता येईलसा वाटतो. आणि तरीही आई तो टाळत नाही, किंबहुना टाळण्याचा प्रश्नच तिच्या लेखी उरत नाही, ही कथेची विलक्षण अवघड जागा आहे. ती पटावी म्हणून चिआंग प्रकाशकिरणाचे उदाहरण घेतात : सर्वांत कमी वेळाचा मार्ग निवडायचा तर किरणाला आपला मुक्काम आधीच ठाऊक असला पाहिजे. आजाराच्या बाबतीत आईच्या हाती काहीच नसते, म्हणून चित्रपटातील प्रश्न निराळा होतो : दुःख माहीत असूनही मूल होऊ द्यावे का? हा प्रश्न प्रेक्षकाला रडवतो, तर कथेतील प्रश्न वाचकाची झोप उडवतो. चित्रपट मला फार आवडतो, पण तो कथेपेक्षा सोपा आहे, आणि तो ‘कथेला प्रामाणिक’ असल्याची वाहवा ऐकली की मी हा मृत्यू पुढे करतो.

‘ब्लेड रनर’ सुचवताना आणखी एक अडचण येते, ती म्हणजे कोणता. १९८२ साली चित्रपटगृहांत लागलेल्या आवृत्तीत नायकाचे निवेदन आणि गोड शेवट होता. १९९२ च्या आवृत्तीत दोन्ही गेले. आणि रिडली स्कॉट यांच्या मनाजोगती अंतिम आवृत्ती २००७ साली आली. मी शेवटची सुचवतो. चित्रपटाला आधार असलेल्या फिलिप डिक यांच्या कादंबरीत नायकाच्या गच्चीवर विजेवर चालणारी मेंढी असते आणि खरे जनावर परवडत नसल्याची लाज त्याला पोखरत असते. चित्रपटात अशा कृत्रिम जनावरांपैकी एक घुबड आणि एक साप तेवढे उरले. मेंढीसाठी कादंबरी वाचावी आणि पडद्यावर सतत कोसळणाऱ्या पावसासाठी चित्रपट पाहावा.

आधी वाचावे की आधी पाहावे, यालाही माझ्याकडे एकच उत्तर नाही. ‘सोलारिस’ मी आधी वाचायला सांगतो, कारण चित्रपट आधी पाहिला की कादंबरीतील ग्रंथालयातही त्या मेणबत्त्या दिसू लागतात. ‘अरायव्हल’ आधी पाहिला तरी चालतो, कारण त्यानंतर कथा वाचणाराला वादात भाग घेता येतो. आणि ज्यांना वादच नको आहे त्यांना मी तारकोव्हस्कींचाच १९७९ सालचा ‘स्टॉकर’ सुचवतो. त्याला आधार असलेल्या स्त्रुगात्स्की बंधूंच्या कादंबरीत परग्रहवासी टाकून गेलेल्या नाना चमत्कारिक वस्तू आहेत, त्यांची चोरटी विक्री आहे, इच्छा पुरवणारा सोनेरी गोल आहे. चित्रपटात ओले गवत, गंजलेले लोखंड, तीन माणसे आणि एक खोली आहे. ही एवढी काटछाट करणारी पटकथा दिग्दर्शकाच्या आग्रहावरून पुन्हा पुन्हा लिहून देणारे स्वतः स्त्रुगात्स्की बंधूच होते, त्यामुळे तेथे पुस्तकाची बाजू घेऊन भांडायला मूळ लेखकही आपल्या मदतीला येत नाहीत.